डोळ्यांच्या हालचालींनी आघातावर उपचार: मुंबईत ईएमडीआर घ्यायचं ठरवलंत तर

सासूबाईंच्या हातून पातेल्यावरचं झाकण निसटलं, फरशीवर गरगर फिरत थांबलं, आणि तोवर मी बाहेरच्या खोलीत कपाटाला पाठ लावून जमिनीवर बसले होते. दोन्ही कानांवर हात. खाली कधी बसले ते आठवत नाही. त्याच्या साडेतीन महिने आधी, गाडीने कुर्ला सोडून वेग घेतल्यावर, माझ्यापासून दोन हातांवर दारात उभी असलेली बाई खाली गेली होती. तिच्या पिशवीतला स्टीलचा डबा दाराच्या पट्टीवर आपटला, आणि पुढच्या क्षणी ती तिथे नव्हती. तिचा चेहरा मला धड आठवत नव्हता. डब्याचा आवाज मात्र रोज ऐकू यायचा.

मी डोंबिवलीला राहते, नोकरी दादरला. त्या दिवसानंतर लोकल बंद झाली. बस बदलत, शेअर रिक्षा पकडत दोन-अडीच तासांनी ऑफिस गाठायचे. लोक म्हणायचे, "मुंबईत राहायचं तर हे चालायचंच, विसरून जा." मी विसरायचा प्रयत्न करत नव्हते असं थोडंच होतं!

ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग) हा उपचार घेतल्यावर मी त्यातून बाहेर आले. तेव्हापासून कितीतरी जणांनी एकच प्रश्न विचारला आहे: "ते बोट हलवतात ते नेमकं काय असतं गं?" त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मी थेरपिस्ट नाही, उपचार घेतलेली बाई आहे. जे अनुभवलं आणि त्या निमित्ताने जे नीट समजून घेतलं, तेवढंच सांगते. आणि पहिल्यांदा हेच सांगते, की डोळे हलवणं हा या उपचाराचा लहानसा भाग आहे. खरी मेहनत त्याच्या आधीच्या तयारीत असते आणि ती टाळून पुढे जाणाऱ्याकडे जाऊ नका.

हा उपचार आहे तरी काय

१९८७ साली फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बागेत फिरत असताना त्यांच्या लक्षात आलं की, मनात त्रासदायक विचार चालू असताना डोळे आपोआप इकडून तिकडे हलले की त्या विचारांची धार कमी होते. त्यावरून त्यांनी पद्धत बांधली आणि १९८९ मध्ये त्यावरचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे तिला आठ टप्प्यांचं पक्कं रूप आलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आघातोत्तर ताणाच्या विकारासाठी, म्हणजे पीटीएसडीसाठी, ही पद्धत सुचवली आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या सूचनांमध्येही ती आहे.

यामागची कल्पना साधी आहे. एरवी घडलेली गोष्ट मनात पचते, जुन्या आठवणींना जाऊन मिळते आणि तिच्यावर "हे झालं, संपलं" असा शिक्का बसतो. प्रसंग फार भयंकर असेल तर तो न पचता तसाच अडकून राहतो: चित्र, आवाज, वास, छातीतली धडधड, सगळं जसंच्या तसं. मग झाकण पडतं आणि शरीर समजतं की आपण अजून कुर्ल्याच्या पुढेच आहोत.

डोळे हलवल्याने नेमकं काय होतं यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहे. एक स्पष्टीकरण असं, की आपली तात्पुरती स्मृती मर्यादित असते. आठवण डोळ्यांपुढे धरायची आणि त्याच वेळी हलणाऱ्या बोटाकडेही पाहायचं, ही दोन कामं एकदम केली की आठवणीला पूर्ण जागा मिळत नाही, ती फिकट होते आणि तशी फिकट होऊनच पुन्हा साठवली जाते. डोळे हलवल्यावर आठवणीचा ठळकपणा आणि तिच्यासोबतची भावना कमी होते असं प्रयोगांत दिसलंही आहे. उलट काही अभ्यासक म्हणतात, की गुण येतो तो सुरक्षित जागी त्या आठवणीला सामोरं गेल्याने, डोळ्यांचं श्रेय थोडंच. पेशंट म्हणून मला या वादाने फरक पडला नाही. पण कुणी "यात जादू आहे" असं सांगून पैसे मागत असेल, तर हा वाद तुम्हाला माहीत असलेला बरा.

सगळ्यांना याची गरज नसते

मोठा धक्का बसल्यावर पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसणं हे होतंच. बहुतेक माणसं माणसांच्या आधाराने हळूहळू सावरतात. त्या दिवसांत कुणाला बसवून "सगळं सांग, मोकळी हो" असा आग्रह धरू नका. जेवण, झोप, सोबत, एवढं पुरे. महिना उलटूनही प्रसंग अंगावर धावून येत असेल, तुम्ही ठिकाणं किंवा माणसं टाळू लागला असाल, स्वतःबद्दलचं मत काळवंडलं असेल, सतत सावध आणि चिडचिडे झाला असाल, तर मात्र तपासून घ्या.

जीव नकोसा वाटत असेल तर ईएमडीआरची वाट पाहत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

योग्य माणूस शोधणं

यात घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. मी केली होती. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्यांनी वीस मिनिटांत माझी कहाणी ऐकली आणि लगेच समोर पेन हलवायला सुरुवात केली. घरी येऊन मी दोन रात्री जागी होते. नंतर कळलं की त्यांचं या पद्धतीचं रीतसर प्रशिक्षणच झालेलं नव्हतं.

म्हणून आधी हे पाहा, की समोरची व्यक्ती मुळात मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात शिकलेली आहे का. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. समुपदेशक असतील तर पदवी आणि अनुभव विचारा. मग ईएमडीआरचं विचारा: मूळ प्रशिक्षण पूर्ण झालंय का, कुणा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केसेस केल्या आहेत का, तुमच्यासारखे पेशंट पाहिले आहेत का. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. भारतात या पद्धतीच्या थेरपिस्टांची संघटना आहे, तिच्याकडून प्रशिक्षितांची नावं मिळतात.

पैशाची अडचण असेल तर परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, सायन, भायखळ्याचं जेजे, या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. निदान आणि औषधं तिथे अगदी कमी खर्चात होतात. ईएमडीआर मिळेलच असं नाही, ते ओपीडीत विचारावं लागतं, पण योग्य निदान हातात आलं की अर्धी वाट झाली. खासगीत फी किती, सेशन ६० मिनिटांचं की ९० चं, ऐनवेळी रद्द केलं तर पैसे कापतात का, हे फोनवरच ठरवा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी वाचा. मानसिक आजारांचा विमा शारीरिक आजारांच्या बरोबरीने द्यावा असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्चच धरलेला नसतो.

आणि भाषा! याबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे. या पद्धतीत प्रसंगाला चिकटून बसलेलं, स्वतःबद्दलचं एक वाईट वाक्य शोधावं लागतं. माझ्या पुढ्यात अशा वाक्यांची यादी आली ती इंग्रजीत. "मी जबाबदार आहे" अशा अर्थाच्या ओळीवर मी बोट ठेवलं, पण आत काहीच हललं नाही. मी नंतर ज्यांच्याकडे उपचार घेतले त्या थेरपिस्ट ताई म्हणाल्या, "यादी राहू दे. रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःला काय म्हणतेस, ते सांग." मी म्हटलं, "मी नुसती बघत राहिले." आणि घसा असा दाटला की पाणी प्यावं लागलं. बरोबर वाक्य सापडल्याची खूण हीच. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलत असलात तरी स्वतःला दोष कोणत्या भाषेत देता ते बघा, आणि त्या भाषेत काम करणारा थेरपिस्ट शोधा.

सुरुवातीच्या भेटी: माहिती आणि तयारी

पहिल्या टप्प्यात तुमचा इतिहास घेतात. हाच प्रसंग की आधीचेही काही, झोप, औषधं, दारू, घरचं वातावरण. इथे काही लपवू नका. फिट्स येत असतील, डोळ्यांचा आजार असेल, दिवस गेले असतील, मध्येच भान हरपल्यासारखं होत असेल, झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं आधीच सांगा. चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. घरात अजूनही मारहाण चालू असेल तर आधी सुरक्षिततेची सोय, मग जुन्या आठवणी. कोर्टकचेरी चालू असेल, तुमची साक्ष व्हायची असेल, तर थेरपिस्टला आणि वकिलाला दोघांनाही विचारून घ्या, कारण उपचारानंतर आठवणीचा ठळकपणा बदलू शकतो आणि उलटतपासणीत त्यावरून प्रश्न येऊ शकतात.

दुसरा टप्पा तयारीचा. माझ्या तीन भेटी यातच गेल्या आणि मी वैतागले होते. आज वाटतं, त्या तीन भेटींमुळेच पुढचं निभावलं. यात मन शांत करायच्या युक्त्या शिकवतात आणि त्या घोटून घेतात.

एक म्हणजे शांत जागा. डोळे मिटून अशी जागा आठवायची जिथे जीव निवांत होतो. मी आजोळची ओटी निवडली, झोपाळा आणि आजोबा. दोन मिनिटांत रडू फुटलं, कारण आजोबा आता नाहीत. ताईंनी ती जागा सोडायला लावली. गेलेलं माणूस किंवा ज्याच्याशी ताण आहे असं माणूस त्या जागेत नको. मग मी आजोळच्या मागच्या दारचा पाट घेतला: कडेने अळू, पायांवरून जाणारं गार पाणी, माणूस कुणी नाही. ती जागा टिकली.

दुसरी युक्ती पेटीची. सेशनमध्ये जे संपलं नाही ते मनातल्या मनात एका भक्कम पेटीत ठेवून कुलूप लावायचं. माझी पेटी म्हणजे लग्नात आलेली लोखंडी ट्रंक, माळ्यावर ठेवलेली. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण रात्री दोन वाजता ती फार उपयोगी पडली.

तिसरी फुलपाखरू-मिठी. मेक्सिकोत अकापुल्को इथे पॉलीन वादळातून वाचलेल्या लोकांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांनी ती बसवली. दोन्ही हात छातीवर आडवे, तळवे खांद्यांच्या खाली, आणि फुलपाखराने पंख हलवावेत तसं एकदा डावीकडे एकदा उजवीकडे हळू थोपटायचं, श्वास संथ. शांत होण्यासाठी एवढंच घरी करा. मुद्दाम तो प्रसंग आठवून, मोबाइलवर हलणारा ठिपका लावून स्वतःवर उपचार करू नका. आठवण उघडते, आणि ती मिटायला शेजारी कुणी नसतं.

थांबण्याची खूणही याच वेळी ठरवतात. हात वर केला की सगळं तिथल्या तिथे थांबायला हवं. मी पहिल्या दिवशी उगाचच हात वर करून पाहिला. ताई लगेच थांबल्या. त्यानंतरच मला धीर आला.

नवख्या माणसाला बऱ्याचदा एक उपमा देतात: आगगाडीच्या खिडकीत बसल्यासारखं आठवणींकडे बघा, दृश्यं मागे जातात, आपण आत सुरक्षित. माझ्या बाबतीत हे चालणारच नव्हतं! ताईंनी गाडीऐवजी कोकणात जाणारी एसटी दिली. तुम्हाला दिलेली उपमा टोचत असेल तर तसं सांगा, बदलून मिळते.

प्रत्यक्ष काम

तिसऱ्या टप्प्यात नेम धरतात. प्रसंगातलं सर्वांत वाईट चित्र कोणतं, त्याला चिकटलेलं वाक्य कोणतं, त्याऐवजी काय खरं वाटलं तर बरं होईल, आणि ते आत्ता १ ते ७ मध्ये कितपत खरं वाटतं. मग भावना, ती शरीरात कुठे जाणवते, आणि ० ते १० मध्ये त्रास किती. माझं चित्र म्हणजे दाराची रिकामी चौकट. वाक्य "मी नुसती बघत राहिले". हवं असलेलं वाक्य "त्या क्षणात माझ्या हातात काही नव्हतं", ते २ इतकंच खरं. त्रास ९, पोटात आणि उजव्या हाताच्या पंजात.

चौथा टप्पा म्हणजे लोक ज्याला ईएमडीआर समजतात तो. थेरपिस्ट समोर जरा बाजूला बसतात आणि दोन बोटं डावीकडून उजवीकडे नेतात. डोकं न हलवता तुम्ही फक्त डोळ्यांनी पाठलाग करायचा. साधारण चोवीस फेऱ्यांचा, अर्ध्या मिनिटाच्या आसपासचा एक संच. मग थांबायचं, श्वास घ्यायचा आणि विचारलं जातं, "आता काय येतंय?" जे आलं ते एका वाक्यात सांगायचं. "ठीक, त्याच्यासोबत राहा," आणि पुढचा संच. डोळे दुखत असतील तर हातांवर आळीपाळीने थोपटतात किंवा कानात एकदा इकडे एकदा तिकडे आवाज देतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर त्या दिवशी चष्मा घाला.

सगळी हकीकत तपशीलवार सांगावी लागत नाही, ती घरून लिहून आणायचा गृहपाठही नसतो. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मनात काहीही येऊ दे, गाळू नका, बरोबर-चूक ठरवू नका. माझ्या मनात तिसऱ्या संचानंतर शाळेतली सहल आली, मग मेलेलं कबुतर, मग अचानक उजव्या हाताला मुंग्या. मग दिसलं की त्या दिवशी माझ्या उजव्या हातात वरची कडी होती आणि डाव्या हाताला कुणाची तरी लहान मुलगी बिलगली होती. ही मुलगी मला इतके महिने आठवलीच नव्हती. मी तिला घट्ट धरून ठेवलं होतं. मी नुसती बघत राहिले नव्हते.

अर्थात आठवण नव्याने येते म्हणून ती हुबेहूब खरीच असते असं धरू नये. तुम्हाला काय आठवायला हवं हे थेरपिस्टने सुचवू नये, आणि तुम्हीही ओढून आणू नका.

त्रासाचा आकडा शून्याजवळ आला की पाचवा टप्पा: चांगलं वाक्य मनात धरून पुन्हा संच, ते ७ पर्यंत खरं वाटेपर्यंत. माझं वाक्य इथे बदललं. "मी त्या पोरीला धरलं होतं" हे झालं. सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासायचं, कुठे आवळलेलं राहिलंय का. सातवा टप्पा दर भेटीच्या शेवटी असतो: काम अर्धवट असो की पूर्ण, शांत होऊनच खोलीबाहेर पडायचं. हे न करता "वेळ संपली" म्हणून उठवत असतील तर बोला. आठवा टप्पा पुढच्या भेटीच्या सुरुवातीला, मागचं टिकलंय का ते बघण्याचा.

एकाच प्रसंगाचा आघात असेल तर नाइसच्या सूचनांप्रमाणे साधारण ८ ते १२ भेटी लागतात. माझ्या अकरा झाल्या. लहानपणापासूनचे घाव असतील तर कितीतरी जास्त, आणि तयारीचा टप्पाही लांब.

सेशनचा दिवस, मुंबईचा

संध्याकाळची वेळ घेऊ नका. सेशननंतर माणूस सोललेल्या कांद्यासारखा असतो, आणि तशा अवस्थेत सहाच्या गर्दीत शिरणं क्रूर आहे. मी शनिवारी अकराची वेळ घ्यायचे. नंतर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्धा तास बसायचे, शहाळं प्यायचे, मगच निघायचे. त्या दिवशी पाहुणे, भांडणं, मोठे निर्णय काही नको. जेवून जा, पण तट्ट नाही.

घरी काय सांगावं? मी आईंना, म्हणजे सासूबाईंना, एवढंच म्हटलं, "दोन दिवस मी गप्प गप्प असेन. काही विचारू नका, नुसत्या जवळ बसा." त्या बसल्या. भाजी निवडत बसल्या. आणि त्या काळात झाकणं त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवली, मी न सांगता.

भेटींच्या मधल्या दिवसांत स्वप्नं वाढतात, रडू येतं, जुनं काहीतरी आठवतं. एका छोट्या वहीत चार गोष्टी लिहा: काय झालं, काय दिसलं, शरीरात कुठे, आकडा किती. दोन ओळी पुरेत. त्रास रोज वाढतच असेल तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, फोन करा.

ऑनलाइन सेशनही होतात. स्क्रीनवरचा ठिपका किंवा स्वतःच थोपटणं वापरतात. पण खोली-स्वयंपाकघराच्या घरात मध्येच कुणी कपाट उघडायला येणार असेल तर नको. बंद होणारं दार, हेडफोन, थेरपिस्टकडे तुमचा त्या वेळचा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर, एवढं असेल तरच.

शेवटचा भाग: पुढची वाट

जुनी आठवण निवली की आजचे चटके घेतात: झाकणाचा आवाज, फलाटावरची सूचना, दारातली गर्दी. प्रत्येकाचा आकडा वेगळा, प्रत्येकावर वेगळं काम. मग पुढे जे करायचं आहे ते मनात चालवून बघतात. मी खुर्चीत बसून तीनदा दादरच्या फलाटावर उभी राहिले, चौथ्यांदा डब्यात चढले.

खरोखर चढायची वेळ आली तेव्हा ठरलं ते असं: दुपारी दीडची गर्दी नसलेली स्लो गाडी, सोबत नणंद, दारापासून लांबची खिडकी, आणि प्रवास फक्त दादर ते सायन. दोनच स्टेशनं. पुढच्या आठवड्यात कुर्ला. घाटकोपरपर्यंत जायला महिना घेतला. प्रत्येक वेळी उतरल्यावर वहीत आकडा लिहिला: ५, ४, ४, ६, ३. सहाच्या दिवशी डब्यात कुणाची तरी पाण्याची बाटली पडली होती. आम्ही सायनला उतरलो, बाकावर बसलो, मी फुलपाखरू-मिठी घेतली, आणि पुढच्या गाडीने परत निघालो.